विजेच्या गाडीतले पेट्रोल इंजिन : पल्ला वाढवण्याचा सव्वाशे वर्षांचा खटाटोप

विजेच्या मोटारीत पेट्रोलचे छोटे इंजिन बसवून तिचा पल्ला वाढवण्याची कल्पना एकोणिसावे शतक संपता संपता पुढे आली आणि तेव्हापासून ती अनेकदा मागे पडून पुन्हा उचलली गेली. अशा गाडीची चाके विजेच्या मोटरींवर फिरतात. इंजिन चाकांना जोडलेले नसते. ते जनित्र फिरवते आणि जनित्राची वीज बॅटरीत किंवा थेट मोटरींत जाते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण होण्यापूर्वी त्या मार्गावर धावणारी डिझेल इंजिनेही याच तत्त्वावर चालत. त्यांतही डिझेल जळून आधी वीज तयार होई आणि चाके विजेच्या मोटरी फिरवत. पल्लावर्धक इंजिनाच्या गाडीत एका गोष्टीची भर असते. तिच्यात घरून भरून नेलेली वीज साठवणारी मोठी बॅटरी असते, आणि इंजिनाने त्या बॅटरीला फक्त हातभार लावायचा असतो.

हा हातभार लागतो तो वजनामुळे. शिसे-आम्लाच्या बॅटरीत किलोमागे साधारण तीस वॉट-तास वीज मावते. किलोभर पेट्रोलमध्ये सुमारे बारा हजार वॉट-तास ऊर्जा असते. इंजिनाने त्यातली तीन-चतुर्थांश उष्णतेत वाया घालवली तरी उरलेली ऊर्जा बॅटरीच्या शंभरपट भरते. आजच्या लिथियम बॅटऱ्यांनी हे अंतर बरेच कमी केले असले तरी मिटवलेले नाही. दुसरे कारण असे की सपाट रस्त्यावर शंभराच्या वेगाने जाणाऱ्या मध्यम मोटारीला सरासरी पंधरा-वीस किलोवॉट शक्ती पुरते. मोठ्या इंजिनाची खरी गरज पडते ती वेग घेताना आणि घाट चढताना. ही क्षणिक गरज बॅटरीने भागवली, तर सरासरीपुरते इंजिन स्कूटरचे असले तरी चालते. मात्र हा हिशेब बॅटरीत काही शिल्लक असेतोवरच जमतो. पुढे अनेक गाड्या अडल्या त्या नेमक्या याच अटीपाशी.

पहिला नावाजलेला प्रयोग व्हिएन्नात झाला. याकोब लोनर आणि कंपनी हा तिथल्या शाही घराण्यासाठी बग्ग्या बांधणारा कारखाना होता. त्याचे मालक लुडविग लोनर यांनी शतकाच्या अखेरीस विजेच्या मोटारींकडे मोर्चा वळवला. पेट्रोलच्या गाड्या तेव्हा धूर ओकत, खडखडत आणि हँडल मारून सुरू कराव्या लागत. कारखान्यातला तरुण अभियंता फर्डिनांड पोर्शे यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी बसवल्या. त्यामुळे साखळी, पट्टा, दंतचक्रे ही सगळी मधली यंत्रणा गळाली. ही गाडी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि तिचा बराच गाजावाजा झाला. तिची बॅटरी चारशे किलोंच्या वर होती, आणि एवढे ओझे वाहूनही गाडी एका भरणीत पन्नास किलोमीटरच्या आसपासच जाई.

पोर्शे यांनी यावर काढलेली तोड म्हणजे ‘सेम्पर व्हिव्हस’ ही गाडी. तिच्या मध्यभागी द दियाँ-बुताँ कंपनीची एकेका सिलिंडरची दोन पेट्रोल इंजिने होती आणि प्रत्येक इंजिन स्वतंत्र जनित्र फिरवी. तयार झालेली वीज आधी चाकांतल्या मोटरींना मिळे आणि उरलेली बॅटरीत जाई. तेच जनित्र बॅटरीच्या विजेवर उलटे फिरवले की इंजिन सुरू होई, म्हणजे हँडल मारण्याची कटकटही गेली. बॅटरी लहान करता आली आणि पल्ला दोनशे किलोमीटरपर्यंत गेला. आजच्या पल्लावर्धक गाडीत असतात ते सगळे मुख्य घटक या एका सांगाड्यावर होते. अडचणीही कमी नव्हत्या. उघड्यावर बसवलेल्या इंजिनांवर रस्त्याची धूळ बसे, आणि सव्वा टनाच्या घरातले वजन त्या काळच्या टायरांना जड जाई.

विक्रीसाठी जी गाडी काढली ती ‘मिक्स्ट’, आणि तिथेच मूळ कल्पनेला वेगळे वळण लागले. मिक्स्टमध्ये पुढच्या बाजूला चार सिलिंडरचे भक्कम डाइमलर इंजिन आले आणि बॅटरी आणखी आक्रसली. आता गाडी मुख्यतः पेट्रोलवरच चालत होती. वीज उरली ती गिअरबॉक्सची जागा घेण्यापुरती. १९०२ मध्ये पोर्शे यांनी याच जातीची गाडी व्हिएन्नाजवळच्या एक्झेलबर्ग चढणीच्या शर्यतीत जिंकवली आणि त्याच वर्षी लष्करी कवायतींच्या वेळी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांना तिच्यातून फिरवले. नावलौकिक मिळाला, पण गाडी महाग होती आणि तिची देखभाल किचकट होती. १९०६ मध्ये पोर्शे ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत गेले आणि लोनर यांच्या कारखान्यातला हा अध्याय आटोपला.

बॅटरीविना पेट्रोल-विजेची जोडी मात्र तगून राहिली, आणि तीही बसमध्ये. लंडनमध्ये घोड्यांच्या बस चालवणाऱ्या थॉमस टिलिंग कंपनीने मेडस्टनच्या स्टीव्हन्स यांच्याबरोबर १९११ पासून पेट्रोल-विद्युत बस काढल्या. कारण अगदी व्यवहारातले होते. लगाम धरण्यात हयात गेलेल्या गाडीवानांना क्लच आणि गिअर जमत नव्हते. इंजिनाने जनित्र फिरवायचे आणि मोटरीने चाके, ही रचना असली की गिअर बदलण्याचा प्रश्नच उरत नसे. इतिहासात या जोडीला सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक मिळाले ते अशा तंत्रज्ञानाच्या कौतुकापोटी आलेले नव्हते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

अमेरिकेत शिकागोच्या वुड्स मोटर व्हेइकल कंपनीने १९१६ मध्ये ‘ड्युअल पॉवर’ ही गाडी आणली. वुड्स ही विजेच्या मोटारी बनवणारी जुनी कंपनी होती आणि तिचे गिऱ्हाईक हातचे निसटत चालले होते. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. त्याबरोबर पेट्रोल गाडीविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दाही गेला. गावाबाहेरच्या लांब रस्त्यांवर विजेची गाडी आधीपासूनच मार खात होती. ड्युअल पॉवर ताशी तीसेक किलोमीटरपर्यंत विजेवर चाले आणि त्यापुढे चार सिलिंडरचे लहान इंजिन साथीला येई. इथे इंजिन चाकांनाही जोडले जाई, म्हणून काटेकोरपणे पाहता ती पल्लावर्धक गाडी नव्हे. मात्र हेतू तोच होता. तिची किंमत अडीच हजार डॉलरच्या वर आणि कमाल वेग छप्पन्न किलोमीटर. त्याच सुमारास फोर्डची मॉडेल टी चारशे डॉलरच्या आत मिळत होती. १९१८ मध्ये ड्युअल पॉवर बंद पडली आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे वैयक्तिक मोटारीच्या संदर्भात या विषयाला फारसा कोणी हात लावला नाही.

तो पुन्हा निघाला हवेच्या प्रदूषणामुळे. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये ओपेल काडेट गाडीत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या आणि त्या भरत राहणारे लहानसे स्टर्लिंग इंजिन बसवून ‘स्टर-लेक’ ही प्रायोगिक गाडी केली. स्टर्लिंग इंजिनात इंधन सिलिंडरच्या बाहेर जळते, त्यामुळे धूर कमी आणि आवाजही कमी. ही गाडी प्रयोगशाळेबाहेर आली नाही. १९७३ च्या तेलटंचाईने मात्र विषय घराघरात नेला. १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून विद्युत आणि संकरित वाहनांच्या संशोधनाचा कायदा केला.

या काळातला सर्वाधिक बोलका प्रयोग कोणत्याच कंपनीचा नव्हता. आर्कान्सामधल्या डेव्हिड आर्थर्स यांनी जुन्या ओपेल जीटीमधले मूळ इंजिन काढून तिथे विमानाच्या भंगारातली विजेची मोटर, मोटारीच्या बॅटऱ्यांची रांग आणि हिरवळ कापायच्या यंत्राचे पाच-सहा अश्वशक्तीचे इंजिन बसवले. ते इंजिन जनित्र फिरवत राही आणि गाडी विजेवर पळे. ‘मदर अर्थ न्यूज’ या नियतकालिकाने १९७९ च्या सुमारास तिची हकीकत छापली. गाडी गॅलनला पंचाहत्तर मैल, म्हणजे लिटरला बत्तीसच्या आसपास किलोमीटर देते असा दावा होता, आणि तिचे आराखडे मागवणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. या आकड्यात सुरुवातीला भिंतीवरच्या प्लगातून भरलेली वीज किती धरली होती, यावर सारे अवलंबून आहे. बॅटरी भरलेली असताना निघाले की पहिले काही मैल पेट्रोलच्या हिशेबात जवळजवळ फुकटच पडतात. पल्लावर्धक गाड्यांच्या जाहिराती आजही असे आकडे देतात, त्यामुळे ही पळवाट एकट्या आर्थर्स यांच्याच खाती मांडणे न्याय्य होणार नाही.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही मिलवॉकीची कंपनी तसल्याच लहान इंजिनांची मोठी उत्पादक. तिने १९८० मध्ये रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्याकडून एक दोनदारी संकरित गाडी करवून घेतली. तिला सहा चाके होती, कारण बॅटऱ्यांचा भार पेलायला मागे आणखी एक आस लागला. दोन सिलिंडरचे अठरा अश्वशक्तीचे इंजिन, बारा बॅटऱ्या आणि सारे मिळून कूर्मगती. ती कधी विकायची नव्हतीच. आपले इंजिन किती उपयोगी आहे हे दाखवण्यासाठी ती बनली होती आणि तेवढे काम तिने केले.

कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने १९९० मध्ये नियम केला की मोठ्या कंपन्यांनी विकलेल्या गाड्यांपैकी काही टक्के धूररहित असाव्यात : १९९८ पर्यंत दोन, २००३ पर्यंत दहा. या नियमातून जनरल मोटर्सची ईव्ही-१, टोयोटाची रॅव्ह-४ ईव्ही वगैरे गाड्या निघाल्या. त्या रोजच्या कामाला उत्तम होत्या, पण लांबच्या प्रवासाला कुचकामी. वर्षातून चार-दोनदाच लागणारे इंजिन रोज कशाला वाहायचे, या प्रश्नावर एसी प्रोपल्शनचे ॲलन कोकोनी यांनी सरळ उत्तर शोधले : इंजिन गाडीत ठेवायचेच नाही, मागे छोट्या ट्रेलरवर लावायचे. त्यांच्या ‘लाँग रेंजर’ ट्रेलरवर पाचशे सीसीचे कावासाकी मोटरसायकलचे इंजिन आणि वीस किलोवॉटचे जनित्र होते. गाडी मागे घेताना ट्रेलर वेडावाकडा जाऊ नये म्हणून त्याची चाके आपोआप वळत. घराच्या अंगणात ट्रेलर सोडून द्यायचा आणि सहलीच्या दिवशी जोडायचा, असा हा बेत होता.

हौशी मंडळींनी याहून धसमुसळी युक्तीही केली. फोक्सवॅगन रॅबिटचा इंजिनासकट पुढचा अर्धा भाग कापून ट्रेलर बनवला, तो विजेच्या गाडीमागे जोडला, आणि महामार्गावर त्या अर्ध्या गाडीनेच पुढच्या गाडीला ढकलायचे. वीज तयार करण्याची भानगडच नाही. अशा ढकलगाड्या कोणत्याही कारखान्याने स्वीकारणे शक्य नव्हते, तरी त्यांमागचा तर्क सरळ आहे : महामार्गावर लांबवर एकसारख्या वेगाने जाताना पेट्रोलची शक्ती विजेत बदलून पुन्हा यांत्रिक शक्तीत आणणे म्हणजे दोनदा दलाली देणे. हीच गोष्ट पुढे जनरल मोटर्सला फार महागात पडणार होती.

भाड्याने ट्रेलर देण्याचा विचार पुढे फ्रान्समध्ये ‘ईपी टेंडर’ या कंपनीने केला. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात टाटा नॅनोचे दोन सिलिंडरचे सहाशे सीसीच्या वरचे इंजिन होते. सर्वसामान्य भारतीय कुटुंबासाठी पुण्यात घडलेले हलके, स्वस्त इंजिन फ्रेंच विजेच्या गाडीमागे जनित्र फिरवण्यासाठी निवडले जावे, हे पल्लावर्धक इंजिनाकडून काय अपेक्षा असते ते नेमके दाखवते : जागा थोडी, किंमत थोडी, आयुष्यात काम थोडे.

स्वतः जनरल मोटर्सनेही १९९८ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात ईव्ही-१ चा एक प्रकार मांडला. त्यात बॅटरीबरोबर विल्यम्स इंटरनॅशनलची छोटी गॅस टर्बाइन होती आणि एकूण पल्ला ३९० मैल सांगितला होता. ती गाडी प्रदर्शनापुरतीच राहिली, पण कल्पना कंपनीच्या दप्तरात राहिली. २००६ मध्ये टेस्लाची रोडस्टर जाहीर झाली तेव्हा उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांना विजेची गाडी हवीच होती. शुद्ध बॅटरीवरची गाडी लोक घेतील का, याची कंपनीला शंका होती. २००७ च्या जानेवारीत डेट्रॉइटला मांडलेली शेव्हरोले व्होल्ट ही त्यातून निघालेली तडजोड. चाळीस मैल विजेवर, त्यापुढे पेट्रोल. चाळीसचा आकडा हवेतून आला नव्हता. अमेरिकेत कामावर जाणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांचा रोजचा प्रवास तेवढ्यात बसतो.

डिसेंबर २०१० मध्ये विक्रीला आलेल्या व्होल्टमध्ये सोळा युनिट साठवणारी लिथियम बॅटरी आणि १.४ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. (विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास.) सरकारी चाचणीत ती विजेवर पस्तीस मैल जाई आणि किंमत ४१ हजार डॉलर होती. विक्रीच्या तोंडावर एक तपशील बाहेर आला आणि धुरळा उडाला : बॅटरी उतरल्यावर महामार्गाच्या वेगाला या गाडीचे इंजिन दंतचक्रांतून चाकांना हातभार लावत होते. कंपनीने तोवर चाके फक्त विजेवर चालतात असाच प्रचार केला होता. वाहन-पत्रकार तुटून पडले. तांत्रिकदृष्ट्या कंपनीचा निर्णय योग्यच होता, कारण दुहेरी दलालीतून तो सुटका करतो. चूक बोलण्यात झाली, बांधणीत नव्हे. व्होल्टच्या बाबतीत खरी मौज वेगळीच निघाली. काही मालक पेट्रोल वापरतच नव्हते. टाकीतले पेट्रोल वर्षभर पडून राहून शिळे होऊ नये म्हणून गाडीच्या संगणकात अशी सोय केलेली होती की इंधन जुने झाले की इंजिन आपोआप चालू होऊन ते जाळून टाकील.

बीएमडब्ल्यूच्या आय-३ गाडीचे इंजिन मात्र कायद्याच्या मर्यादेत मोजून मापून बसवले गेले. कॅलिफोर्नियाने २०१२ च्या नियमांत अशा गाड्यांसाठी वेगळा वर्ग केला. अटी चार होत्या म्हणता येतील : विजेवर किमान पंचाहत्तर मैलांचा पल्ला हवा, पेट्रोलवरचा पल्ला त्याहून जास्त असता कामा नये, इंजिनाने प्रदूषणाची कडक पातळी पाळायला हवी आणि बॅटरी जवळपास संपल्याखेरीज इंजिन सुरू होऊ नये. एवढे पाळले तर कंपनीला शुद्ध विजेच्या गाडीचे श्रेय मिळे. आय-३ साठी बीएमडब्ल्यूने आपल्या मोठ्या स्कूटरचे ६४७ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन घेतले आणि नऊ लिटरची टाकी दिली. अमेरिकेत ती टाकीही पूर्ण वापरू दिली नाही. संगणकाने तिचा काही भाग अडवून ठेवला, कारण तसे न केल्यास पेट्रोलचा पल्ला विजेच्या पल्ल्यापेक्षा वाढला असता.

पुढे जे झाले ते समजायला वर सांगितलेली अट आठवायला हवी : सरासरीपुरते इंजिन चालते, पण बॅटरीत काही शिल्लक असेतोवरच. युरोपातल्या आय-३ मध्ये बॅटरी पाऊणपेक्षा कमी झाली की चालक इंजिन स्वतः सुरू करू शके, आणि घाटाआधी शिल्लक राखता येई. अमेरिकी गाडीत ते बटणच नव्हते. बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावरच इंजिन जागे होई, तेव्हा पंचवीस किलोवॉटवर लांब चढण चढणे त्याला झेपत नसे. महामार्गावर वेग अचानक घटल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण न्यायालयातही गेले. काही अमेरिकी मालकांनी संगणकाची आज्ञावली बदलून युरोपी पद्धत लागू करून घेतली. नियमाचा उद्देश चांगला होता, लोकांनी विजेवरच चालावे असा. पण गरज लागण्याच्या आधी इंजिन सुरू करू न देणे म्हणजे पल्लावर्धकाचे मुख्य काम हिरावणे होते. नंतर बॅटऱ्या मोठ्या होत गेल्या आणि युरोपात २०१८ मध्ये आय-३ चा इंजिनवाला प्रकार बंद झाला.

याच दशकात टाटा समूहाचाही या विषयाशी दोनदा संबंध आला. जग्वार २००८ पासून टाटा मोटर्सची झाली होती. २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात तिने सी-एक्स७५ ही गाडी मांडली, जिच्यात चारही चाकांना मोटरी आणि जनित्रांसाठी ब्लेडन जेट्सच्या दोन सूक्ष्म टर्बाइन होत्या. दोन वर्षांनी प्रकल्प गुंडाळला गेला. २०१२ च्या जिनिव्हा प्रदर्शनात टाटांची स्वतःची ‘मेगापिक्सेल’ आली. चार आसनी शहरी गाडी, चारही चाकांच्या तुंब्यांत मोटरी, तेरा युनिटची बॅटरी आणि ३२५ सीसीचे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. विजेवर ८७ किलोमीटर आणि टाकी भरून एकूण नऊशे, असा तिचा हिशेब होता. चाकात मोटर आणि एका सिलिंडरचे इंजिन हे जोडपे पोर्शे यांच्या गाडीला शोभले असते. ती उत्पादनात आली नाही. त्याआधी २०१० मध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी ‘रिव्होलो’ नावाचा उलट्या दिशेचा संच जाहीर केला होता : धावत्या पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरीची जोड देणारा.

शहरात मोठा वापर झाला तो टॅक्सीत. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा २०१८ पासूनचा प्रकार विजेवर चालतो आणि त्यात दीड लिटरचे तीन सिलिंडरचे जनित्र-इंजिन असते. दिवसभर धंदा करणाऱ्या चालकाला चार्जिंगसाठी थांबणे म्हणजे भाडे बुडवणे, म्हणून हे इंजिन त्याला परवडते. जपानमध्ये निसानने २०१६ पासून ‘ई-पॉवर’ गाड्या लोकप्रिय केल्या. त्यांना प्लगच नाही. त्या टिलिंग-स्टीव्हन्स बसच्या जास्त जवळच्या.

चीनमध्ये चित्र पालटले. ली ऑटो कंपनीने २०१९ मध्ये ली वन ही मोठी कौटुंबिक गाडी काढली, चाळीस युनिटच्या बॅटरीसह आणि १.२ लिटरच्या इंजिनासह. तिथली शहरे दाट, चार्जिंगची सोय सगळ्यांच्या इमारतीत नाही, आणि सणासुदीला लाखो लोक एकाच वेळी गावाकडे निघतात. त्या दिवशी महामार्गावरच्या चार्जिंगच्या रांगांत उभे राहण्यापेक्षा पेट्रोल टाकणे सोपे. ली ऑटो यशस्वी झाली तशा इतर चिनी कंपन्याही या वाटेने आल्या आणि बॅटऱ्या वाढवत गेल्या. अमेरिकेत हीच मागणी आता ट्रकसदृश पिकअपसाठी आहे, कारण मागे जड ट्रेलर ओढला की विजेच्या पिकअपचा पल्ला जवळपास निम्मा होतो. रॅम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अशा पिकअपमध्ये ९२ युनिटची बॅटरी आणि ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. माझ्दाने २०२३ मध्येच एमएक्स-३० गाडीत आपले जुने रोटरी इंजिन एकाच रोटरसह जनित्राच्या कामाला परत आणले, १७.८ युनिटच्या बॅटरीसोबत आणि पन्नास लिटरच्या टाकीसह.